आतला पत्ता, बाहेरचा पत्ता

नवरा गेल्यापासून तिला रडू आलं नव्हतं. माणसं भेटायला आली, तिने चहा केला, कप विसळून ठेवले. कोणी विचारलं तर "ठीक आहे" म्हणायची. बधिर हाताला चिमटा काढावा, तसं झालं होतं तिचं.

औषधाच्या दुकानातली तिची जागा मालकाने धरून ठेवली होती. पण घरी सासूबाई एकट्या. वॉकर सोडून भिंतीला धरून चालायच्या, एकदा पडल्याही होत्या. म्हणून परगावच्या दिराने कॅमेरा पाठवला. दुकानातून मोबाईलवर त्या दिसल्या, तरच तिची नोकरी टिकणार होती.

कॅमेरा लावला, घरात मोबाईलवर चित्र स्वच्छ दिसलं. सकाळी दुकानात मोबाईल उघडला तर नुसता काळा पडदा. ती तशीच घरी धावली. सासूबाई मटार सोलत होत्या.

"काय गं, काय विसरलीस?"

मालकाचा फोन आलाच. "बाई, आज काय ते ठरवा. उद्या अशी धावपळ नको."

तिने दिराला फोन लावला.

"वहिनी, काल घरात बसूनच बघितलंत ना?"

"मग काय गच्चीवर जाऊन बघू?"

"अहो, घरातल्या घरात दिसणारच. वाय-फायचा राउटर घरातल्या नेटवरच्या प्रत्येक वस्तूला आतला पत्ता देतो. बाहेरच्यांना फक्त राउटरचा पत्ता ठाऊक. आलेल्याला आत कोणाकडे धाडायचं, हे राउटरला सांगून ठेवावं लागतं. वॉचमनला सांगतो ना, तसं. त्यासाठी पोर्ट भरायचा. पोर्ट म्हणजे दाराचा नंबर समजा."

"तुमच्या दादांनी कधी सांगितलं नाही."

"दादा सांगतोय कसला! स्वतः करून मोकळा व्हायचा."

दीर सांगेल तसं राउटरच्या सेटिंगचं पान उघडून तिने आधी कॅमेऱ्याचा आतला पत्ता कायमचा बांधून टाकला, वीज गेली तरी बदलू नये म्हणून. मग दाराचा नंबर भरला. राउटरने तो घेतला नाही. ते दार आधीच दुसऱ्याला दिलेलं होतं. तिने यादी बघितली. एकच ओळ होती, नवऱ्याच्या कॉम्प्युटरकडे जाणारी. नावाच्या रकान्यात त्याने लिहिलं होतं, 'मी'.

तिने ते वाचून दाखवलं.

"वहिनी, राहू द्या ते. आपण दुसरा नंबर घेऊ."

"नको. तिथे आता कोणी नाही."

राउटरने विचारलं, नक्की काढायचं? तिने हो म्हटलं. ओळ गेली. तिने छातीवर हात ठेवून बघितला. काही नाही.

नवी ओळ भरली. नावाच्या रकान्यात 'आई' लिहिलं. मग वाय-फाय बंद करून, मोबाईलचं नेट चालू करून ती जिना उतरून खाली फाटकापाशी गेली. पडद्यावर चाक फिरलं आणि सासूबाई दिसल्या. खुर्चीत बसून कॅमेऱ्याकडे बघत केस नीट करत होत्या.

ती वर आली. "आई, दिसलात. उद्यापासून जाते मी."

"जा. आणि सारखी बघत बसू नकोस. मी काय सिनेमा आहे?"

देवापुढे दिवा लावून तिने हात जोडले. मागायचं काही सुचेना. तशीच उभी राहिली थोडा वेळ; देव समजून घेत असावा.

दुसऱ्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक नसताना तिने मोबाईल उघडला. सासूबाई दुपारच्या झोपल्या होत्या. श्वासाबरोबर पांघरूण वर-खाली होतंय का, तेवढंच ती बघत राहिली. झालं. मग तिने मोबाईल पालथा ठेवला आणि तेवढ्यात समोर आलेल्या माणसाची औषधाची चिठ्ठी हातात घेतली.