खुन्याला पडलेल्या शिव्या

आज दुपारी ब्रह्मपुरीला आपल्याच भागातल्या पोरांनी बनवलेला सिनेमा पाहिला. एकामागून एक खून करणाऱ्या जीपवाल्याची गोष्ट. त्या जीपवाल्याचं काम माझ्या यजमानांनी केलंय. चित्रीकरण संपलं आणि उन्हाळ्यात ते गेले.

लोक त्यांना हसतील, या भीतीने मी अगदी मागे बसले. सुरुवातीला हसलेही. रक्त कुंकवाच्या पाण्यासारखं दिसत होतं, चाकू वाकत होता. मग हे जीप थांबवून रस्त्यावरच्या एकट्या बाईला म्हणाले, "बस ना बाई, घरापर्यंत सोडून देतो."

हसणं तिथेच थांबलं.

शेजारच्या आजी पडद्याकडे बघून म्हणाल्या, "नोको बसू वो माय. लय हरामखोर आहे तो."

मी हळूच सांगितलं, "आजी, ते माझे मालक होते."

त्या ओशाळल्या. "माफ कर वो बाई. मी खरंच भेली."

"माफी काऊन? द्या अजून शिव्या."

ते गेल्यापासून सगळे त्यांच्याबद्दल हळू आवाजात चांगलंच बोलतात. आज पहिल्यांदा कोणी त्यांच्यावर जिवंत माणसावर चिडावं तसं चिडलं.

उद्या सासूबाईंना घेऊन पुन्हा जाणार आहे. तुमच्यापैकी कोणी पाहिला का? भीती वाटली का, खरं सांगा.