बायतोंगच्या शाळेचा घोळ

सान साय या थाई गावातल्या बाजाराच्या तोंडाशी तॅनचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक शिवणयंत्र, एक टेबलफॅन आणि भिंतीवर टांगलेली दोऱ्याची रिळं. शाळा उघडायच्या आधी महिनाभर आसपासची सगळी पोरं तिच्या सुईखालून जातात. सदऱ्याच्या एका बाजूला शाळेची आद्याक्षरं, दुसऱ्या बाजूला पोराचं नाव. कुठल्या शाळेला निळा दोरा, कुठल्या शाळेला लाल, हे तिला तोंडपाठ. कुणी कुणाचं पोर कुठल्या शाळेतून काढून कुठे घातलं, ही बातमी हेडमास्तरांच्या आधी तिला लागते. फक्त स्वतःच्या पोरीला पहिलीला कुठे घालायचं, एवढंच तिला ठरवता येत नव्हतं, आणि नेमकं तेवढंच सगळा बाजार तिला विचारत होता.

"तुझ्या बायतोंगचं काय ठरलं ग?" समोर चिकट भात विकणारी खामपेंग मावशी रोज सकाळी विचारायची.

"ठरलं की सांगते, मावशी."

"काल पण हेच म्हणालीस."

"काल पण ठरलं नव्हतं."

तॅन म्हणजे गांधीलमाशी. लाडाचं नाव जन्मल्या दिवशी मिळालं, आणि घरापुरतं तरी तिने ते खोटं पडू दिलं नाही. नवरा ओद, म्हणजे बेडकाचं पिल्लू. गांधीलमाशीने बेडकाच्या पिल्लाशी संसार मांडला आणि लेकीचं नाव केळीचं पान ठेवलं, यात सान सायमध्ये कुणाला काही वावगं वाटलं नाही. वावगं वाटलं ते ओदच्या बोलण्यात.

ओद डोंगराकडच्या एका इंटरनॅशनल शाळेची व्हॅन चालवतो. शाळेतल्या नोकरमाणसांच्या मुलांना तिथे अर्धी फी, फक्त मुलाखतीत मूल पसंत पडलं पाहिजे. ओदने ही गोष्ट मनावर घेतली होती.

"ती पोरं कशी बोलतात, तू ऐकायला हवंस," तो म्हणायचा. "सात वर्षांचं पोर मागून हाक मारतं, ओद, एसी वाढव. जरा म्हणून घाबरत नाही."

"मग पी ओद, तुम्हाला बापाला एसी वाढवायला सांगणारी पोरगी हवी?" 'पी' म्हणजे थोरला; नवऱ्याला ती मानाने तसंच म्हणायची, भांडतानासुद्धा.

"मला तोंड उघडणारी पोरगी हवी."

हा टोला तॅनला लागायचा. ती शिकली देवळाशेजारच्या शाळेत, सायपिन बाईंच्या हाताखाली. केस कानाच्या पाळीखाली गेले की बाई पट्टी लावून मोजायच्या. शिस्त, नमस्कार, पाढे, सगळं पक्कं झालं. पण एवढ्या वर्षांत तॅनने बाईंना एकही प्रश्न विचारला नाही. पंखा बंद पडला तरी कुणी सांगत नसे; घाम पुसत वर्ग बसून राही. बायतोंग अशी होऊ नये असं तिला वाटायचं. आणि बायतोंग एसी वाढवणारीही होऊ नये असंही वाटायचं. या दोन्हीच्या मधली शाळा सान सायमध्ये कुणी काढलेली नव्हती.

शेवटी ओदच्या कटकटीला कंटाळून ती मुलाखतीला तयार झाली. तिचं इंग्रजी यथातथाच. म्हणून संध्याकाळी मशीन बंद केलं की ती फोनमध्ये थाई वाक्य बोलायची, फोन इंग्रजी वाक्य सांगायचा आणि बायतोंग ते घोकायची.

आता, लहान मुलीने मोठ्यांपुढे 'मी' म्हणायचं नसतं. ती स्वतःला 'नू' म्हणते. नूला भूक लागली, नू खेळून येते. नू म्हणजे उंदीर. हे इतकं रोजचं आहे की त्यातला उंदीर कुणाला दिसतसुद्धा नाही. फोनला मात्र बरोबर दिसला. त्याने इमानेइतबारे प्रत्येक 'नू'चा उंदीर केला, आणि बायतोंगने आठवडाभरात सगळे उंदीर पाठ केले.

मुलाखतीला मिस हॅरिएट होत्या, आणि कोपऱ्यात त्यांची मदतनीस, ऑय नावाची इथलीच मुलगी. मिस हॅरिएट बायतोंगसमोर सरळ जमिनीवर बसल्या. बाई खाली आणि आपण खुर्चीवर, हे तॅनला सोसेना. ती खुर्चीवरून घसरून खाली बसली. ती घसरली म्हणून ओद घसरला. माणसं मोकळ्या मनाची दिसतात असं वाटून मिस हॅरिएट आणखी सैलावल्या आणि कोपरावर रेलल्या. आता तॅनला आडवं होण्यावाचून गत्यंतर नव्हतं. तिने मान तेवढी खाली घातली.

"व्हॉट्स युवर नेम?"

"माउस नेम बायतोंग."

"ओह. अँड हाउ ओल्ड आर यू?"

"माउस सिक्स."

मिस हॅरिएट जराशा पुढे झुकल्या. "अँड व्हेअर डज माउस लिव्ह?"

"माउस लिव्ह विथ मदर."

मिस हॅरिएटनी कागद ओढला आणि चित्र काढलं. दोन कान, मिशा, लांब शेपूट. हीच का तू, असं बोटाने विचारलं. बायतोंगला आईने शिकवलं होतं की काही कळलं नाही तर 'येस, थँक यू' म्हणायचं. ती म्हणाली, "येस, थँक यू."

शेपूट बघितली तेव्हा तॅनच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. फोन कुठे घसरला ते तिला कळलं. तिने ओदकडे बघितलं, ओदने छताकडे बघितलं, ऑयने स्वतःच्या चपलांकडे. तिघांनाही घोळ समजला होता आणि तिघंही गोड हसत बसले होते. शिक्षकांचं चुकलं असं त्यांच्या तोंडावर कोण म्हणणार?

फाटकापाशी ऑय धावत आली. "ताई, मला कळलं होतं हो," ती कुजबुजली. "पण चारचौघांत मॅडमना कसं सांगू? त्या किती मन लावून चित्र काढत होत्या."

चार दिवसांनी पत्र आलं. मूल हुशार आहे, पण परक्यांसमोर काल्पनिक उंदराआड लपतं. एक वर्ष विशेष मदतीच्या वर्गात ठेवावं, मग पहिलीचा विचार करू.

"म्हणजे पोरीच्या डोक्यात फरक आहे म्हणतात?" ओदने विचारलं.

"फरक नाही. उंदीर आहे म्हणतात."

"मग तू तेव्हाच बोलली का नाहीस?"

"तुम्ही का नाही बोललात?"

"मी तिथे ड्रायव्हर आहे."

"आणि मी तिथे कोण आहे, राज्यपाल?"

भांडण तिथेच संपलं, कारण दोघांचीही बाजू एकच होती आणि दोघांनाही तिची लाज वाटत होती. तॅनने राग 'नू'वर काढला. आजपासून घरात उंदीर बंद. बायतोंगने सगळ्यांसमोर 'छन' म्हणायचं, मोठी माणसं बरोबरीच्यांशी बोलताना 'मी' म्हणतात तसं. बायतोंगला हे भलतंच आवडलं. दुसऱ्या सकाळी तिने खामपेंग मावशीला सांगितलं, "छनला आज आंबा घातलेला भात पाहिजे."

मावशीने हातातलं पान खाली ठेवलं. "ही कुठली मामलेदारीण आली?"

"मुलाखतीची तयारी आहे, मावशी," तॅन म्हणाली.

"कसल्या मुलाखतीची? जिल्हाधिकाऱ्याच्या?"

अशी ही छन झालेली पोरगी घेऊन तॅन देवळाशेजारच्या शाळेत गेली. जायला हवंच होतं. तिकडे वर्ष बुडवायचं तर निदान इकडची जागा तरी हातात असावी. सायपिन बाई निवृत्तीला आल्या होत्या, पण टेबलावर पट्टी होतीच. तॅनने दोन्ही हात जोडून कपाळाला लावले आणि केस नकळत कानामागे सारले.

"नू, नाव काय तुझं?" बाईंनी मायेने विचारलं. मोठी माणसं लहानांना हाकही 'नू' अशीच मारतात.

"छन बायतोंग."

बाईंच्या भुवया वर गेल्या त्या खाली येईनात. बाईंनी कपाटातून चित्राचं एक जुनं कार्ड काढलं. तळं, कमळं आणि पांढरे पक्षी.

"बदकं किती? मोज."

बायतोंगने बोट लावून मोजलं. "पाच."

"नीट मोज. सहा आहेत."

"पाच. छनला वाटतं बाईंचं चुकलं."

तॅनचा हात आपसूक लेकीच्या मानेकडे गेला. मान वाकवायची, माफी मागायची, घरी जाऊन फोन फेकून द्यायचा, एवढं सगळं त्या हाताला पाठ होतं. पण हात पोचायच्या आत तिची नजर कार्डावर पडली. सहाव्या पक्ष्याची मान लांब होती आणि चोचीवर काळा टेंगूळ होता.

पुन्हा गोड हसावं, असं तिला फार वाटलं. मग मिस हॅरिएटची ती शेपूट डोळ्यांपुढे आली.

"बाई," ती म्हणाली, आणि पस्तिसाव्या वर्षी बाईंपुढे जे तोंडात आलं तेच बोलली, "नूला वाटतं, हिचं बरोबर आहे. तो हंस आहे."

बाईंनी चष्मा शोधला. तो त्यांच्या कपाळावरच होता. तो खाली ओढून त्यांनी कार्ड खिडकीपाशी नेलं आणि बराच वेळ बघितलं.

"तुला मी हेच कार्ड दाखवलं होतं," त्या म्हणाल्या. "तू सहा म्हणाली होतीस."

"तेव्हाही पाचच दिसली होती, बाई."

"मग बोलली का नाहीस?"

तॅनने टेबलावरच्या पट्टीकडे बघितलं.

"पोरगी चालेल," बाई म्हणाल्या. "मात्र ते 'छन' घरी ठेवायचं. चूक दाखवायला 'नू' पुरतं, आत्ता तूच दाखवलीस."

व्हॅनपाशी ओद वाट बघत होता. "काय झालं?"

"इथेच घालायचं."

"आणि तोंड उघडायचं काय?"

"घरी मी उघडेन, इथे ती उघडेल. तिकडे काही बिनसलं तर मला आधी इंग्रजी शिकायला लागेल, पी ओद, मग भांडायला. इथे निदान लगेच भांडता येतं."

ओद काही बोलणार, तेवढ्यात सायपिन बाई ओसरीत आल्या. "तॅन, तुला एवढं बारीक दिसतं ना, मग उद्यापासून ये. कपाटात अशी तीनशे कार्डं आहेत. सगळी तपासून दे."

दुकानात एकशे चाळीस सदरे पडले होते आणि शाळा उघडायला बारा दिवस होते. हे तॅनने बाईंना सांगायला हवं होतं.

"बरं, बाई," ती म्हणाली.

शनिवारपर्यंत तिला आणखी अकरा चुका सापडल्या. त्यातल्या नऊ तिने बाईंना सांगितल्या.