चौकडीचा शर्ट

पांढुर्ण्याबाहेरच्या संत्र्याच्या शेडात भिंतीला खिळ्यांची रांग आहे आणि प्रत्येक खिळ्यावर कोणाच्या ना कोणाच्या नवऱ्याचा जुना शर्ट. संत्री निवडणाऱ्या बाया तो साडीवर चढवून कामाला बसतात. कुसुमबाईच्या खिळ्यावर मधुकरचा चौकडीचा. मधुकरनं तो एका लग्नात मिरवला असेल नसेल. कुसुमबाईनं इतके हंगाम वापरला की शर्टाची मालकी केव्हाच बदलली.

शेडाची एक रीत होती. हंगाम संपला की शेठ रोजीच्या वर थोडं देई, सोबत पिशवीभर बारीक संत्री. बाया शर्ट घडी करून घरी नेत. काम संपलं, हे कोणी तोंडानं सांगत नसे.

त्या दिवशी ऐन हंगामात मुकादम रामाजीनं आठवड्याच्या रोजीचा चुकारा केला. कुसुमबाईला तिगावचा ऑटो गाठायचा असतो, म्हणून तिचा नंबर नेहमी पहिला. हातात पैसे जास्त आले. शिवाय बारीक माल नेणारा ट्रक न आल्यानं रामाजीनं बारीक संत्रीही पिशवीत ओतली. म्हणजे आपलं काम संपलं, असं कुसुमबाईनं धरलं. मधुकरच्या पंक्चरच्या दुकानावर घर अर्धंच चालायचं, बाकीचं या शेडावर. पण विचारावं तर पाया पडल्यासारखं दिसणार. तिनं गुपचूप शर्ट काढला, घडी केली आणि ऑटोत बसली.

सकाळी तिनं शर्ट धुवून दोरीवर टाकला आणि मधुकरला डोकं दुखते म्हणून सांगितलं. संत्री मात्र त्यानं आवडीनं खाल्ली.

दुपारी रामाजीची मोटारसायकल दारात. त्यानं आधी दोरीवरच्या शर्टाकडे पाहिलं.

"कुसुमबाई, सौंसरकडच्या कंपनीत लागल्या का तुमी?"

"तुमीच तं मले काढलं. वरचे पैसे देले, संत्री देली."

रामाजी उंबऱ्यावरच बसला. मग त्यानं सगळं सांगितलं. सरकारनं कमीत कमी मजुरी वाढवली होती. शेठनं बरेच दिवस कानाडोळा केला, पण सौंसरकडचे कारखाने तेवढी रोजी देऊ लागल्यावर काही बाया तिकडे वळल्या, तेव्हा त्याला जाग आली. बाकीच्या बायांना हे कालच कळलं. ऑटोच्या घाईत एकट्या कुसुमबाईचं राहिलं.

"वरचे नाही ते, बाई. आता रोजीच तेवढी हाय. दर हप्त्याले."

कुसुमबाईनं पदरानं तोंड पुसलं, जरा जास्तच वेळ. पदर खाली आला तेव्हा चेहरा वेगळाच होता.

"म्हणजे कंपनीतही हेच भेटते?"

आपण गरजेपेक्षा जास्त बोललो, हे रामाजीला आत्ता कळलं. तिथं दिवसभर उभं राहा लागते, एवढं त्यानं घाईनं जोडलं.

"मंग आमाले बसाले पाट आणा. अन् हंगामाच्या शेवटचं वेगळं भेटलं पायजे."

शेठला विचारतो म्हणत तो उठला. उद्या येसान ना, असं त्यानं दोनदा विचारलं.

"पायतो," ती म्हणाली. "शर्ट ओला हाय अजून."

गाडी वळणाआड गेली तशी तिनं शर्ट ओढून पुन्हा करकचून पिळला आणि जिथं ऊन जास्त होतं तिथं नेऊन टाकला.