पंखे थांबले तेव्हा

घरातला पंखा अचानक थांबला की मी आजही वर बघतो. सगळेच बघतात. मला मात्र त्या क्षणी हातात वरणाची बादली धरून वर बघणारा एक माणूस दिसतो. त्या माणसाला मी अटक केली होती, आणि ती अटक चुकीची होती.

तेव्हा मी जालना जिल्ह्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी होतो. नावे कुणाचीच देत नाही, गावाचेही नाही. भोकरदनच्या बाजूचे, बाजारपेठेचे गाव, एवढे पुरे. उन्हाळ्यातली लग्नसराई होती. भर दुपारी गावात एका लग्नाची पंगत बसलेली असताना, मांडवापासून हाकेच्या अंतरावर, किराणा दुकानात बसलेल्या वयस्कर शेठजींच्या डोक्यात कुणीतरी वजनाचे माप घातले आणि त्यांच्या गळ्यातली सोन्याची साखळी ओढून नेली. शेठजींचे घराणे राजस्थानातून आलेले, तीन-चार पिढ्या त्याच गावात राहिलेले. त्यांच्याबद्दल वाईट बोलणारा माणूस मला भेटला नाही. ते जगले, पण त्या दुपारचे त्यांना काहीच आठवत नव्हते.

साक्षीदार एकच होता, दुकानासमोरचा शिंपी. त्याचे शिलाई मशीन विजेवर चालणारे. त्याने जबाबात सांगितले की लाईट गेली, मशीन थांबले, म्हणून मान वर केली, तर पिवळा टी-शर्ट घातलेला एक माणूस शेठजींच्या दुकानातून निघून मांडवाच्या मागच्या बाजूला चालला होता. जेवणाच्या ठेकेदाराने आपल्या सात वाढप्यांना पिवळे टी-शर्ट दिले होते. ओळख परेडमध्ये शिंप्याने त्यांतल्या एकावर बोट ठेवले. तो अंबड तालुक्यातला, चाळिशीचा, कमी बोलणारा मजूर होता. सकाळी काडेपेटी आणायला त्या दुकानात गेलो होतो, हे त्याने स्वतःच सांगितले. मला तेवढे पुरेसे वाटले.

चौकशीत तो एकच वाक्य बोलत राहिला. "साहेब, मी पंगतीत वाढून राह्यलो होतो."

"कुणी पाहिलं?"

"समद्यांनी."

आम्ही त्या पंगतीत जेवलेल्या लोकांना एकेक करून विचारले. वरण तिखट होते हे प्रत्येकाला आठवत होते. ते कुणी वाढले, हे एकालाही नाही. वाढप्याचा हात सगळ्यांना आठवतो, तोंड कुणालाच आठवत नाही. ठेकेदार म्हणाला, माझी सातही माणसे मांडवातच होती. तो आपले नाव वाचवतो आहे असे धरून मी त्याचे म्हणणे बाजूला ठेवले. मजुराच्या घरझडतीत साखळी मिळाली नाही. तरी त्याची रवानगी न्यायालयीन कोठडीत झाली आणि जामीन नाकारला गेला.

त्याची बायको दर सोमवारी ठाण्यात येत असे. रडत नसे, भांडत नसे. बाकावर बसून राही आणि मी बाहेर आलो की उभी राही. सहाव्या की सातव्या सोमवारी ती म्हणाली, "साहेब, त्या लग्नाची शिडी आली म्हणं नवरीच्या घरी. शूटिंगवाल्यानं पंगत बी घेतल्ती. एकदा बघा ना तुमी."

आमच्या भागात सीडी असो की डीव्हीडी, खेड्यात तिला शिडीच म्हणतात. आणि लग्नाच्या शूटिंगमध्ये पंगत या टोकापासून त्या टोकापर्यंत घ्यावीच लागते, कारण ज्याचे तोंड आले नाही तो पाहुणा वर्षभर बोलून दाखवतो. हे मला चांगले माहीत होते. स्वतःच्या घरच्या लग्नात मी फोटोग्राफरला तेच बजावले होते. तरी दीड महिना ही गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. या तपासातला पहिला खरा धागा आरोपीच्या बायकोने दिला, हे इथे लिहून ठेवतो.

फोटोग्राफर टेंभुर्णीचा होता. त्याला फोन केला. डिस्क पोहोचवल्यावर त्याने पुढच्या लग्नांसाठी कार्डे आणि हार्डडिस्क रिकामी केली होती. म्हणजे त्या पंगतीची एकच प्रत उरली होती, आणि ती नवरीच्या आईच्या देवघरात होती. ती अजून कुणी पाहिली नव्हती. लेक पहिल्या माहेरपणाला आली की तिच्यासोबतच बघायची, असे त्या घरात ठरले होते. नवरीच्या आईने डिस्क पदरात धरून माझ्या हातात दिली. "एकुलत्या एका लेकीचं लग्न हाये यात, साहेब. बराबर परत द्या."

मी दोन पंचांसमक्ष जप्ती पंचनामा लिहिला. वस्तूचे वर्णन नेहमीच्या पद्धतीने, डोळ्यांना दिसेल ते सगळे. एका बाजूस वधूवरांचे छायाचित्र. दुसरी बाजू चकचकीत. चकचकीत बाजूस मध्याजवळ तांबूस-पिवळा डाग. मग पाकीट, लाखेचे सील, सह्या.

अडचण यानंतर सुरू झाली. ठाण्यातल्या नव्या संगणकांना डिस्क घालायची जागाच नव्हती. प्रयोगशाळेत पाठवली असती तर अहवाल येईपर्यंत आरोपपत्राची मुदत निघून गेली असती. मुदतीला अकरा दिवस होते. एकदा आरोपपत्र त्या मजुराच्या नावाने दाखल झाले की खटला उभा राहीपर्यंत तो आतच राहिला असता. मी वरिष्ठांची लेखी परवानगी घेतली की डिस्क पंचांसमोर ठाण्यातच पाहावी, आणि जालन्यातल्या एका दुरुस्तीच्या दुकानातून जुना संगणक आणला. तो आधी कुठल्यातरी शिकवणी वर्गात होता. 'माझा आवडता सण' हा निबंध त्यात अजून पडून होता.

डिस्क घातली. यंत्र घरघरले, थांबले, पुन्हा घरघरले. मग पडद्यावर सूचना आली की कृपया डिस्क घाला.

मला याद्या करायची सवय आहे. घरी किराण्याची असो की बंदोबस्ताची, यादीशिवाय माझे पाऊल पुढे पडत नाही. मी वहीचे पान आखले आणि त्या संगणकाची उलटतपासणी सुरू केली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, निकाल लिहायचा, मगच पुढची. हात आमच्या एका महिला कॉन्स्टेबलचे, लिहिणे माझे. हवालदारांच्या घरची भजनांची सीडी घातली, ती चालली. लग्नाची घातली, नाही. कॉन्स्टेबल म्हणाली की सीडी वाचणारा किरण वेगळा आणि डीव्हीडी वाचणारा वेगळा, एक शाबूत आणि दुसरा गेलेला असू शकतो. म्हणून प्रशिक्षणाची एक डीव्हीडी आणली. ती अडखळत चालली. व्हिडिओ दाखवणारा प्रोग्राम जुना होता, नवा घातला. केबल बदलली. ड्राइव्ह उघडून आतले भिंग कापसाने पुसले. प्रशिक्षणाची डीव्हीडी आता सरळ चालू लागली, पण लग्नाच्या डिस्कवर पुन्हा तीच सूचना. शेवटी दुसरा ड्राइव्ह आणून बसवला. नऊ मुद्दे, नऊ खुणा, निकाल एकच.

हवालदार संगणकाकडे बोट दाखवत म्हणाले, "साहेब, याचा रिमांड मागा. साध्या चौकशीत हा बोलणारा न्हाई."

सगळे हसले. मीही हसलो. दाराबाहेर बाकावर त्या मजुराची बायको बसलेली होती, त्या दिवशी सोमवार नसतानाही.

मुदतीला चार दिवस उरले असताना नवरीची आई ठाण्यात आली. लेक परवा माहेरी येणार होती, डिस्क कधी मिळेल हे तिला विचारायचे होते. मी खरे ते सांगितले की डिस्क चालतच नाही. तिचा चेहरा उतरला. आम्ही काहीतरी बिघडवले असा तिचा समज होऊ नये म्हणून पंचांना बोलावून पाकीट उघडले आणि डिस्क तिच्यासमोर धरली.

ती वाकून बघत राहिली. मग म्हणाली, "आवो, हे तर आमचं कुंकू हाये. तसंच ठिवलं व्हय तुमी?"

मी विचारले, कसले कुंकू?

घरात नवी वस्तू आली की तिची पूजा होते, तशी या डिस्कचीही झाली होती. पाण्यात कालवलेले हळदी-कुंकू, बोटाने, मधल्या भोकाजवळ. मी विचारले की मग चित्राच्या बाजूला का नाही लावले.

"फोटोवर कसं लावावं? लेकीचं तोंड खराब झालं असतं ना. ही बाजू कोरी व्हती, आरशावानी."

मी कपाटातून पंचनामा काढला. डाग माझ्याच अक्षरात लिहिलेला होता. माझ्या नऊ मुद्द्यांत मात्र डिस्कवर शंका कुठेच नव्हती. डिस्क मुद्देमाल होती, आणि मुद्देमाल जसा मिळाला तसाच ठेवायचा, हे अंगात इतके भिनले होते की त्यालाही प्रश्न विचारायचा असतो हे मी विसरलो होतो. ज्यांच्यावर शंका घ्यायला कुणाची हरकत नसते त्यांच्याच मागे मी लागलो होतो. आधी एक परगावचा मजूर, मग एक जुना संगणक.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेंभुर्णीचा फोटोग्राफर आला. त्याने डिस्क कडेने धरून खिडकीतल्या उन्हात तिरपी केली आणि मला जवळ बोलावले. चकचकीत भागावर मध्यापासून बाहेर पसरलेला एक गडद पट्टा होता. पट्टा संपला तिथून पुढे रंग फिका.

"एवढं भरेल हाये साहेब. माणसं आत हायेत." मग त्याने डागाकडे नख नेले, टेकवले नाही. "मशीन आधी मधलं वाचतं. अनुक्रमणिका तिथंच राहते. तीच झाकली."

मऊ सुती कापड पाण्यात जेमतेम ओले करून तो पुसू लागला, मध्यापासून कडेकडे, सरळ रेषेत. गोल फिरवले तर चरे माहितीच्या गोल रेघेवरच पडतात, म्हणाला. दहा मिनिटे तो पुसत होता. मी त्याची प्रत्येक कृती पंचनाम्यात उतरवत होतो.

डिस्क आत गेली. घरघर झाली. आणि सनईचा आवाज आला.

अक्षता, वरमाला, आहेर हे सगळे आम्ही पुढे ढकलले. पंगत आली. कॅमेरा पहिल्या पानापासून सावकाश सरकत होता. माणसे घास थांबवून कॅमेऱ्याकडे बघून हसत होती. तेवढ्यात लाऊडस्पीकरवरचे गाणे मध्येच तुटले. मांडवातले पंखे मंदावले, थांबले. आणि ती सगळीच्या सगळी पंगत एकाच वेळी वर बघू लागली. म्हातारे, बाया, नवरदेवाचे मामा, सगळ्यांच्या माना वर. ओळीच्या मध्यभागी, हातात बादली, पळी अर्धवट कलंडलेली, तोही वर बघत होता. पूर्ण चेहरा, समोरून.

कॉन्स्टेबलने चित्र थांबवले. मी इतकी वर्षे घटनास्थळे पाहिली आहेत, पण त्या पडद्यासमोर खुर्ची ओढून मी ते एकच चित्र पुन्हा पुन्हा पाहिले. पन्नास माणसांना न आठवलेला एक क्षण त्या पातळ तबकडीत कुंकवाखाली जसाच्या तसा शाबूत होता. मांडव आणि शिंप्याचे दुकान एकाच लाईनवर. त्या दुपारी लाईट एकदाच गेल्याची उपकेंद्राच्या वहीत नोंद होती. शिंपी खोटे बोलला नव्हता. त्याने टी-शर्ट पाहिला होता, आणि चेहरा सकाळच्या गिऱ्हाइकाचा आठवला होता.

मग आम्ही पिवळे टी-शर्ट मोजले. कॅमेरा त्या टोकापर्यंत जाईतो सहा. ठेकेदाराला पुन्हा बोलावून चित्र दाखवले, तेव्हा त्याने कपाळाला हात लावला. सातवा दुसऱ्या दिवसापासून कामावर आलाच नव्हता, आणि हे आम्हाला सांगण्यासारखे आहे असे त्याला वाटले नव्हते; एकाची ओळख पटल्यावर आम्हीही बाकीचे मोजले नव्हते. तीन दिवसांनी सातवा साखळीसह सापडला.

रीतसर नक्कल काढली, प्रमाणपत्र जोडले, न्यायालयात अहवाल दिला. मजूर सुटला. कागदांवर सही करायला तो बायकोसोबत ठाण्यात आला तेव्हा मी त्याची माफी मागितली. त्याने मान हलवली. त्याला काय द्यावे हे मला कळेना, म्हणून त्याच जुन्या संगणकावर त्याला नक्कल दाखवली.

पंखे थांबले, माना वर झाल्या. तो पडद्याच्या अगदी जवळ गेला. आपली आकृती त्याने पहिल्यांदाच अशी हलताना पाहिली असावी.

"एवढ्या लोकांत मी बी हाये," तो हळूच म्हणाला.

"मंग मी काय सांगून राह्यले व्हते इतके दिवस?" बायको म्हणाली. ती माझ्याकडे बघत नव्हती, तरी ते मलाच होते.

खटला संपल्यावर मूळ डिस्क नवरीच्या आईला परत गेली. माझी वही अजून माझ्याकडे आहे. नऊ मुद्द्यांच्या त्या पानावर मी नंतर वरच्या कोऱ्या जागेत, एकच्याही आधी, एक ओळ लिहिली. स्वतः लिहिलेले आधी वाचावे. पुढच्या प्रत्येक तपासात मी त्याच ओळीपासून सुरुवात केली. आणि लग्नाला गेलो की पंगतीत वाढायला आलेल्या माणसाच्या तोंडाकडे मी एकदा नीट बघतो.