निमोण्यात सापडलेलं इंजिन

दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. मी शिरूरला एका शाळेत चित्रकला शिकवत होतो आणि जुनी बुलेट घ्यायचं वेड डोक्यात शिरलं होतं. दौंडला रेल्वेतून निवृत्त झालेले एक गार्ड आपली गाडी विकणार आहेत, असं कळलं. शिरूरला माझ्या एका मित्राचं गॅरेज होतं. त्यानं मला बजावलं, "चक्कर मारायच्या आधी नंबर बघ. इंजिनाचा आन् चेसिसचा. दोन्ही गाडीच्या आरसी पुस्तकाशी जुळले तरच पुढचं बोल. आन् नुसतं बघू नको, छाप काढून आण."

छाप काढणं मला नवं नव्हतं. नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायला मी पाचवीच्या पोरांना शिकवत असे. सगळ्यात मऊ पेन्सिल आणि पातळ कागद घेऊन मी रविवारी सकाळी एसटीनं दौंडला पोहोचलो.

गार्डसाहेबांना सगळी गल्ली आप्पा म्हणत होती. उंच, ताठ, पांढऱ्या मिशांचे. गुडघे दुखायला लागले होते आणि डॉक्टरांनी किक मारायला बंदी केली होती, एवढंच गाडी विकण्याचं कारण. "कुणाबी सोम्यागोम्याला द्यायची न्हाई," ते म्हणाले. "मास्तर हाय म्हटल्यावर हो म्हटलं."

गाडी काळीभोर, पुसून लख्ख केलेली. चेसिसचा नंबर हँडलखाली फ्रेमच्या मानेवर असतो, पण तिथं रंगाचे तीन-चार थर बसले होते. आप्पांनी थिनर आणलं, मी चिंधीनं घासत बसलो. एकेक आकडा वर आला. कागद धरला, पेन्सिल फिरवली. पुस्तकाशी तंतोतंत. मग डाव्या बाजूला सिलिंडरखालचा इंजिनाचा नंबर घेतला. तिथलं ग्रीस पुसलं, छाप काढला आणि पुस्तकाशेजारी धरला.

शेवटचे तीन आकडे वेगळे होते.

मी परत छाप काढला. तोच. आप्पांनी चष्मा पुसून तिसऱ्यांदा स्वतः बघितलं. माझ्या चेहऱ्यावर संशय दिसला असावा.

"मास्तर," त्यांचा आवाज चढला, "रेल्वेचा एक खिळा कवा घरी आणला न्हाई मी. आन् माझ्या गाडीला चोरीचं इंजिन?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात आप्पांच्या पत्नी, काकू, चहा घेऊन बाहेर आल्या. काय झालं ते ऐकलं, कप खाली ठेवले आणि म्हणाल्या, "वीस वर्सांमागं माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाच्या वक्ताला तुमची आन् दादाची गाडी एकाच गॅरेजात खोलली व्हती की. मिस्त्रीला मीच घाई केली व्हती, वऱ्हाड निघायचंय म्हणून."

दादा म्हणजे काकूंचे थोरले भाऊ. निमोण्याला शेती करणारे. त्यांच्याकडेही तसलीच बुलेट होती. आप्पा एकदम खाली बसले.

पुढच्या रविवारी गल्लीतल्या पोराकडून किक मारून घेऊन आप्पा आणि काकू बुलेटवरून पाटस, न्हावरे करत निमोण्याला आले. मी आणि माझा मेकॅनिक मित्र शिरूरवरून स्कूटरनं गेलो. काकूंच्या भावाला गावात आबा म्हणत. बुटके, हसरे, डोक्याला टॉवेल. त्यांची गाडी गोठ्याशेजारी पोत्याखाली झाकलेली. मी छाप काढला आणि दोन कागद शेजारी ठेवले. आप्पांच्या पुस्तकातला नंबर आबांच्या गाडीवर होता. आबांच्या पुस्तकातला आप्पांच्या.

वीस वर्षं दर दिवाळीला ह्या दोघांचा एकच वाद चालायचा, कुणाची गाडी चांगली. आबांची पहिल्या किकला सुरू व्हायची. आप्पांची दहा किका घ्यायची. आबा त्यावरून मेहुण्याला सळो की पळो करून सोडत.

आप्पा उठले. मिशीवरून हात फिरवला. "म्हंजी आबा, पहिल्या किकचं इंजिन माझं व्हतं म्हणा की!"

आबांचं हसू मावळलं. "दाजी, वीस वर्सं तेल मी घातलंय त्यात. मी न्हाई देत."

"पुस्तक माझ्या नावावर हाय!"

"पुस्तक घेऊन जा मग!"

माझा मित्र मध्ये पडला. नंबर जुळल्याशिवाय गाडी मास्तरांच्या नावावर होणार नाही, आणि उद्या आबांनाही गाडी विकायची झाली तर हीच पंचाईत. आबा माझ्याकडं बघून म्हणाले, "म्हंजी माझं चांगलं इंजिन ह्या मास्तरांच्या घरी जाणार, आन् दाजींचं खटारं माझ्या गळ्यात?"

तेव्हा काकूच भावाला म्हणाल्या, "दादा, इंजिन चांगलं तुझ्या हातानं झालंय. ह्यांनी रागारागानं लाथा मारून त्याची दशा केली. तुझ्याकडं आलं की तेबी सुधरंल."

आबांना हे पटलं. आप्पांना पटलं नाही, पण तेही बाह्या सारून उठले.

अंगणातल्या लिंबाखाली दोन्ही इंजिनं उतरवली. मित्र सांगेल तसं मी नट उचलून देत होतो, दोघे म्हातारे दोन बाजूंनी उचलायला. दुपारी पिठलं-भाकरी झाली आणि चार वाजता दोन्ही गाड्या पुन्हा उभ्या राहिल्या. नंबर जुळले.

आप्पांनी डॉक्टरांना बाजूला ठेवून आपल्या गाडीवर पाय टाकला. पहिली किक. नाही. दुसरी, तिसरी, सातवी. नाही. शेजारी आबांनी ते 'खटारं' हातात घेतलं. इंजिनातला दाब सोडणारा छोटा लिव्हर दाबला, पिस्टन वर येईपर्यंत किक हळूच दाबली, क्षणभर थांबले आणि एकदाच पाय सोडला.

धड्‌धड् सुरू.

काकूंनी तोंडाला पदर लावला. आप्पा बघतच राहिले. मग स्वतःच इतके हसले की हँडल धरून खाली बसावं लागलं. "तीस वर्सं गाडीला झेंडी दाखवली," ते म्हणाले, "आन् किक कशी मारायची ते आज बघितलं."

आबांनी मग मला तासभर किक मारायला शिकवली. संध्याकाळी आप्पा आणि काकू एसटीनं दौंडला परतले आणि मी बुलेटवरून शिरूरला आलो. कागदपत्रं पुढच्या महिन्यात विनाअडथळा झाली.

आबा बाजारच्या दिवशी शिरूरला यायचे तेव्हा आधी माझ्या दारात थांबायचे. गाडी सुरू करायला लावायचे, डोळे मिटून ऐकायचे. "बरं हाय," म्हणायचे, चहा प्यायचे आणि मेथीची जुडी ओट्यावर ठेवून बाजाराला जायचे.