बोल्ट अजून खोल

लखनौमधल्या विकास नगरच्या गॅरेजपाशी इंजिन ऑइलचा वास आला की अजूनही माझं डोकं फिरतं.

बाबांच्या जुन्या मोटरसायकलचं ऑइल तळाच्या बोल्टपाशी गळायचं. मी कॉलेजात असताना एका रविवारी त्यांनी वॉशर बदलला, नवं ऑइल भरलं, तरी थेंब पडतच राहिले. पाना माझ्या हातात होता.

"बोल्ट अजून खोल!" बाबा खेकसले.

मी लखनौत वाढलेली. बाबांना बोल्ट आणखी आत पिळायला हवा होता, पण माझ्या कानांना खोल म्हणजे हिंदीतलं 'उघड'. मी बोल्टच काढला. सगळं ऑइल त्यांच्या पांढऱ्या लेंग्यावर सांडलं.

"मराठी मुलगी ना तू? साधं खोल कळत नाही?" गल्लीभर ऐकू गेलं.

तेव्हा मी मान खाली घातली. आज सरळ विचारलं असतं, "बाबा, मला लखनौला आणलं कोणी?"