आतोबांचा ओटा

आमच्या आतोबांइतकी परक्यांची स्वयंपाकघरं आतून पाहिलेला पुरुष बारामती आणि इंदापूर या दोन्ही तालुक्यांत शोधून सापडला नसता. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. राहायला काटेवाडीला. साखर कारखान्यात फिटर म्हणून उभी हयात गेली, आणि तोवर स्वतःच्या घरात चहाची भुकटी कुठं असते हेही त्यांना ठाऊक नव्हतं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ते निवृत्त झाले, जुन्या घराला लागून नवं स्वयंपाकघर बांधायला काढलं, आणि त्या दिवसापासून त्यांच्या पायाला जी भिंगरी लागली ती थांबेना. खिशात पेनाच्या जागी लोखंडी टेप आली. कुणाकडंही गेले की चपला काढता काढता त्यांची नजर बैठकीतल्या माणसांना ओलांडून आत जायची. "बसा" म्हटलं की "बसतो की" म्हणायचे आणि थेट ओट्यापाशी जाऊन उभे राहायचे.

माझ्या धाकट्या बहिणीची सोयरीक इंदापूरला जमत होती तेव्हाची गोष्ट. मानपानाची बोलणी अगदी नाजूक वळणावर आली आणि पाहतो तर आतोबा गायब. मी शोधत आत गेलो. मुलाच्या आईला त्यांनी ओट्यापुढं उभं केलं होतं आणि तिचं कोपर कुठवर येतं ते टेपेनं मोजत होते. "विहीणबाई, भाकरी थापताना खांदा भरून येतो का तुमचा?" त्या बाईंना हा प्रश्न आजवर कुणी विचारला नसावा. "येतो की वो," त्या हळूच म्हणाल्या. "येणारच. ओटा चार बोटं उंच झालाय." बाईंनी बाहेर येऊन नवऱ्याकडं असं काही पाहिलं की मानपानाचा विषय तिथंच मिटला. ही सोयरीक त्या चार बोटांनी जमवली, असं माझे वडील पुढं कित्येक वर्षं सांगत.

बारामतीला आमच्याकडं आले तेव्हा तर त्यांनी कहरच केला. माझ्या बायकोला म्हणाले, "सूनबाई, आज च्या मी करतो." आणि स्वतःच्याच डोक्याला गुंडाळलेल्या टापशीनं डोळे बांधून घेतले. बायकोनं माझ्याकडं पाहिलं, मी छताकडं पाहिलं. आतोबा चाचपडत चाचपडत साखरेपर्यंत पोचले, भांडं सापडलं, गॅसही पेटवला, आणि वळताना भिंतीवरच्या कपाटाच्या उघड्या दारावर त्यांचं कपाळ असं आदळलं की शेजारीण धावत आली. लिंबाएवढं टेंगूळ आलं. त्यावर बर्फ धरून आतोबा मात्र लॉटरी लागल्यासारखे खूश. "बघितलंस? दार भाईर उघडतंय. हितंच माणूस फसतं. सरकतं दार पायजे!" ते गेल्यावर बायको एवढंच म्हणाली, "त्यांना कुणाला तरी दाखवा."

लोणी भापकरचा सुतार तर रडकुंडीला आला होता. आतोबा जमिनीवर चुन्यानं ओटा आखायचे, त्या रेघांमध्ये उभं राहून खोटी भाकरी थापायचे, खोटी भांडी घासायचे, आणि सकाळी सगळं पुसून मोरी दुसऱ्या भिंतीला न्यायचे. ओट्याखाली दारांची कपाटं नकोत, ओढायचे खणच हवेत. पिठाचे जड डबे खालच्या खणात, मसाले शेगडीच्या उजव्या हाताला. माळा नको. कडाप्प्याची कड घासून गोल करा. आणि सगळ्यावर कडी म्हणजे प्रत्येक खणाची मूठ वेगळी: एकाला पितळी कडी, एकाला लाकडी गोटी, एकाला नुसती खाच. "आबा," एका दुपारी मी काटेवाडीला गेलो होतो तेव्हा सुतार हात जोडून म्हणाला, "एकदा काय ते ठरवा. ह्यो ओटा हाय. बैलगाडी न्हाय रोज हलवाया."

हे सगळं कशासाठी ते मला त्याच दुपारी कळलं. आत्या वाळूच्या ढिगावर बसून इतका वेळ ऐकत होती. ती एकदम म्हणाली, "समद्याला पोपटी सनमायका लावायचा. आन् कपबश्यांना काचंचं कपाट."

"काच नगं," आतोबा म्हणाले. "फुटंल. हाताला लागंल तुझ्या."

"लागू द्या." मग ती माझ्याकडं वळली. "पुण्याचा डाक्टर काय म्हनला ते मी बी तितंच बसून ऐकलंय. काचबिंदू हाय. गेलेली नजर माघारी येत न्हाय, हाय ती बी कमी हुनार. ह्यांनी ओटा त्या दिसांसाठी मांडलाय. पर आज दिसतंय न्हवं मला? आज मी काय बघू? भुरं लाकूड?"

सुतारानं मान खाली घातली. आतोबांनी टेप ओढली, सोडली, पुन्हा ओढली. एवढी स्वयंपाकघरं पाहिली त्यांनी, पण हिला काय पाहावंसं वाटतं हे विचारायचं राहूनच गेलं होतं. त्यांनी स्कूटर काढली आणि दिवस मावळायच्या आत बारामतीहून पोपटी सनमायका घेऊन आले. इतका पोपटी की सुतारानं डोळे किलकिले केले. काचेचं कपाटही झालं. फक्त ते त्यांनी जाता-येता हात लागणार नाही अशा कोपऱ्यात बसवलं.

ती दिवाळी आत्यानं त्या स्वयंपाकघरात डोळे भरून केली. येईल त्याला ती खण उघडून दाखवायची. पुढं नजर कडांकडून आत आत आकसत गेली, आणि शेवटी उजेड-अंधार एवढंच उरलं. पण तिच्या हाताला मुठी पाठ होत्या. भाकरी पूर्वीसारखीच गोल, आणि टम्म फुगलेली.

चुकायचे ते आतोबाच. मोजायला काही उरलं नव्हतं, म्हणून ते दिवसभर तिच्या मागं-पुढं घुटमळत. एकदा मी गेलो असताना ती गरम तवा घेऊन वळली आणि त्यांच्यावरच धडकली. "अवं, समदं जागच्या जागी हाय," ती करवादली. "तुमीच तेवढं मधी!"

आतोबा बाहेर आले. तेव्हापासून ते आत जाण्याआधी उंबऱ्यात थांबून हलकेच खोकत. आतून भाकरी थापायचा आवाज क्षणभर थांबायचा.

"या," आत्या म्हणायची. "डावीकडनं या."